उंच केलेल्या जीपचे सुकाणू

वसंत ऋतूतील संध्याकाळी इतिहास, साहित्य किंवा तत्त्वज्ञान ऐकावयास जमलेल्या मंडळींपुढे जुन्या जीपगाडीच्या चाकांची कथा घेऊन उभे राहावयाचे, म्हणजे थोडे धारिष्ट्यच आहे. परंतु आम्ही बरीच वर्षे तंत्रनिकेतनात मोटारगाड्यांचा विषय शिकवीत आलो, आणि ज्या एका गोष्टीने आम्हांला पुस्तकापेक्षा अधिक शिकविले ती सांगितल्यावाचून राहवत नाही. श्रोत्यांपैकी पुष्कळांच्या घरी आज गाडी आहे. कोणाचा पुतण्या, कोणाचा भाचा जुनी फोर-व्हील घेऊन सह्याद्रीत भटकत असतो. म्हणून हा विषय वाटतो तितका परका नाही. ‘सुकाणू’ हा शब्द तसा होडीचा. गॅरेजात तो कोणी उच्चारीत नाही. यापुढे आम्हीही स्टिअरिंगच म्हणू.

आपल्याकडे जीप आली ती दुसऱ्या महायुद्धामागोमाग. १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत महिंद्रांनी विलीस जीपची जुळणी सुरू केली, आणि पुढे त्याच घडणीच्या गाड्या खेडोपाडी पोहोचल्या. १९८५ साली मारुतीची जिप्सी आली. या गाड्यांचे एक वैशिष्ट्य असे की, पुढची दोन्ही चाके एकाच अखंड आसावर, म्हणजे अ‍ॅक्सलवर बसविलेली असून तो अ‍ॅक्सल पाट्यांच्या स्प्रिंगांवर टांगलेला असतो. बांधणी साधी, मजबूत आणि मिस्त्रीच्या हाताला परिचयाची. त्यामुळे अशा गाड्या तीन-तीन मालक पाहूनही जिवंत राहतात. आणि मधल्या एखाद्या हौशी मालकाला वाटते, गाडी आणखी उंच असती तर ओढ्यातून, दगडधोंड्यांतून सहज गेली असती. मग तो ती उंच करतो. दोन-तीन वर्षे हौस फिटली की गाडी विकतो. घेणाऱ्याला उंची दिसते. उंचीबरोबर काय आले ते दिसत नाही.

आमच्या एका स्नेह्यांचे असेच झाले. कोयनेच्या खोऱ्यात त्यांची थोडी शेती आहे, आणि रस्त्यापासून घरापर्यंतची वाट पावसाळ्यात साध्या गाडीला दाद देत नाही. त्यांनी अशी एक उंच केलेली जुनी जीप घेतली. एका आषाढात वृद्ध आईला डॉक्टरांना दाखविण्यासाठी कुंभार्ली घाट उतरून ते चिपळूणकडे निघाले. घाट सरल्यावर सरळ रस्त्याला ताशी पन्नास किलोमीटरच्या सुमारास डावे चाक एका खड्ड्यातून गेले, आणि पुढची दोन्ही चाके अशी थडथडू लागली की स्टिअरिंग हातात ठरेना. समोरून एस.टी. येत होती. त्यांनी ब्रेक करकचून दाबला नाही एवढेच नशीब. वेग उतरला, तशी थरथर थांबली. एस.टी. निघून गेली. आई म्हणाली, “अरे, गाडीला हिव भरलं का?” स्नेह्यांना त्या विनोदावर हसू आले नाही.

परत आल्यावर त्यांनी तीन ठिकाणी गाडी दाखविली. पहिल्या ठिकाणी यंत्रावर चाकांचे अलाइनमेंट करून दिले. दुसऱ्या ठिकाणी स्टिअरिंग बॉक्सचा स्क्रू आवळून दिला. तिसऱ्या ठिकाणी चाकांच्या जोडदांड्याला एक दाबखोर नळी, म्हणजे स्टिअरिंग डँपर बसविला. दर वेळी आठवडाभर बरे वाटे, नि मग पुन्हा तेच. शेवटी ते आमच्याकडे आले आणि म्हणाले, “सर, रंग मारून विकून टाकतो झालं. घेणारा एक गिऱ्हाईक आहे.” आम्ही म्हटले, “विकायची तर विका. पण आधी काय विकता आहात ते तरी पाहू.”

येथे पहिली गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. ‘स्टिअरिंग खराब आहे’ ही तक्रार नव्हे. वैद्यापुढे जाऊन ‘प्रकृती बरी नाही’ म्हणण्यासारखे ते आहे. आम्ही त्यांना खोदून विचारले, तेव्हा एकीच्या पोटातून तीन तक्रारी निघाल्या. एक, सपाट रस्त्यावर गाडी सरळ चालत नाही. सारखी सावरावी लागते आणि वळणानंतर स्टिअरिंग आपोआप मागे येत नाही. दुसरी, उंचवट्यावरून जाताना स्टिअरिंगला एका बाजूस हिसका बसतो. तिसरी, खड्ड्यानंतरची ती थरथर. तीन तक्रारी म्हणजे बहुधा तीन कारणे. तीन मिस्त्र्यांनी मिळून एकच कारण शोधले होते, म्हणून कोणतेच सापडले नव्हते.

आता कारणे समजावयाची तर आधी रचना समजली पाहिजे. आपण स्टिअरिंगचे चक्र फिरवितो, ते खालच्या बॉक्समधील दात्यांमार्फत एका आखूड भुजेला हलविते. तिला पिटमन आर्म म्हणतात. त्या भुजेपासून एक दांडा चाकाकडे जातो, तो ड्रॅग लिंक. उजवे व डावे चाक एकमेकांस जोडणारा लांब दांडा, तो टाय रॉड. या दांड्यांच्या टोकांना गोळ्याचे सांधे असतात. आणि प्रत्येक चाक ज्या उभ्या खिळीभोवती डावीउजवीकडे वळते, ती किंगपिन. तिच्या वर व खाली बेअरिंगे असतात. चक्रापासून रस्त्यापर्यंत एवढी साखळी आहे. साखळीतील प्रत्येक सांध्यात केसभर ढिलेपणा असला, तरी चक्रापाशी तो बोटभर होऊन येतो.

या चाकांना तीन कोन दिलेले असतात. पहिला कॅस्टर. सायकलचा पुढचा चिमटा आठवा. तो सरळ उभा नसतो, वरून मागे रेललेला असतो. त्याची रेषा जमिनीपर्यंत वाढविली तर ती चाक जेथे टेकते त्याच्या थोडी पुढे पडते. त्यामुळे चाक त्या रेषेच्या मागून ओढले जाते आणि आपोआप सरळ होऊ पाहते. हात सोडूनही सायकल चालविता येते, त्यात याचा वाटा आहे. जीपची किंगपिनही अशीच वरून मागे कललेली असते. जुन्या विलीस नमुन्याला कारखान्याने सुमारे ३ अंशांचा कॅस्टर नेमून दिला होता. दुसरा कोन कॅम्बर, म्हणजे समोरून पाहता चाकाचे आत किंवा बाहेर झुकणे. अखंड अ‍ॅक्सलच्या गाडीत तो साध्या पान्याने बदलता येत नाही. तो बिघडलेला आढळला तर अ‍ॅक्सल वाकला आहे किंवा किंगपिनची बेअरिंगे झिजली आहेत, असे समजावे. तिसरा टो-इन. वरून पाहता दोन्ही चाकांची पुढची तोंडे मागच्यापेक्षा किंचित जवळ असावी लागतात. हा फरक अगदी थोडा, दोन-तीन मिलिमीटरांच्या आतबाहेर असतो, आणि टाय रॉडची लांबी कमीजास्त करून तो साधता येतो.

यंत्रावर अलाइनमेंट करून आणले, म्हणजे या जातीच्या गाडीत बहुतेक वेळा एवढा टो-इनच साधून आणला. कॅस्टर यंत्राला दिसतो, पण पान्याने फिरविता येत नाही. म्हणून तो आकडा कागदावर लाल छापून येतो आणि कागद गाडीच्या खणात जातो. आमच्या स्नेह्यांच्या खणातही तो कागद होता.

आता गाडी उंच केल्याने काय होते? पाट्याच्या स्प्रिंगचे एक टोक चासीला पक्के खिळलेले असते आणि दुसरे एका लोंबत्या कडीत, शॅकलमध्ये असते. स्प्रिंग दबली की लांबते, त्या लांबीला वाव मिळावा म्हणून ही कडी. जुन्या जीपमध्ये पुढच्या स्प्रिंगची कडी पुढच्या टोकाला असते. उंची मिळविण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे ही कडी लांब करणे. समजा कडी ५ सेंटिमीटरने लांब केली. अ‍ॅक्सल स्प्रिंगच्या मध्यावर असल्याने गाडी उचलली जाते ती निम्मी, म्हणजे अडीच सेंटिमीटर. परंतु स्प्रिंगचे पुढचे टोक मागच्याच्या मानाने ५ सेंटिमीटर खाली गेले. स्प्रिंगची लांबी सुमारे ९० सेंटिमीटर धरली, तर ती पुढे झुकली सुमारे ३ अंशांनी. तिच्यावर बसलेला अ‍ॅक्सलही तितकाच पुढे फिरला, आणि किंगपिन वरून पुढे आली. मूळ कॅस्टर होता ३ अंश. गेला ३ अंश. राहिले शून्य! अडीच सेंटिमीटर उंचीसाठी गाडीचे सरळ जाण्याचे सामर्थ्यच गहाण पडले.

यावर उपाय म्हणून अ‍ॅक्सल आणि स्प्रिंग यांच्यामध्ये उतरती पोलादी पाचर बसवितात. उपाय खरा, पण पाचरेला दिशा असते. स्प्रिंग अ‍ॅक्सलच्या खाली असेल तर पाचरेची जाड बाजू पुढे हवी. स्प्रिंग अ‍ॅक्सलच्या वर असेल तर जाड बाजू मागे हवी. दोन्ही वेळा हेतू एकच, अ‍ॅक्सलचा माथा मागे रेलावा. शिवाय पाचरेची किंमत दुसरीकडे चुकवावी लागते. अ‍ॅक्सल मागे रेलला की पुढच्या डिफरन्शियलचे तोंड खाली वळते. गाडी उंच झाल्याने प्रॉपेलर शाफ्ट आधीच तिरपा झालेला, त्याचा सांधा आणखी वाकतो आणि फोर-व्हील टाकल्यावर कुरकुरू लागतो. म्हणून पाचर दोन-तीन अंशांपलीकडे नेऊ नये. त्याहून अधिक लागत असेल, तर उंचीच अधिक झाली आहे असे समजावे.

उंचीचा दुसरा परिणाम ड्रॅग लिंकवर होतो. बॉक्स चासीबरोबर वर गेला, चाक जमिनीवरच राहिले. त्यामुळे त्यांना जोडणारा दांडा तिरपा झाला. हा दांडा आडवा, एका बाजूकडून दुसरीकडे जाणारा आहे असे धरा आणि त्याची लांबी ७० सेंटिमीटर माना. दांडा जवळजवळ आडवा असताना चाक उंचवट्यावरून ५ सेंटिमीटर वर उचलले गेले, तर त्याचे टोक बाजूला सरकते जेमतेम २ मिलिमीटर. चक्राला ते कळतही नाही. आता तोच दांडा इतका तिरपा आहे की त्याचे एक टोक दुसऱ्यापेक्षा १८ सेंटिमीटर वर आहे. तेच चाक तेवढेच वर उचलले गेले, तर टोक सरकते सुमारे ११-१२ मिलिमीटर. सहापट! म्हणजे चालकाने चक्र हलविले नाही तरी रस्त्यानेच ते हलविले. उंचवट्यावर हिसका बसतो तो हा. गॅरेजच्या गुळगुळीत फरशीवर उभ्या असलेल्या गाडीत हा दोष कधीच दिसावयाचा नाही.

हे सारे ध्यानी धरून आम्ही गाडी तपासावयास घेतली. आमच्या मदतीला एक जुने मिस्त्री होते. त्यांचा हात आमच्या पुस्तकाहून तयार. तपासणीचा जो क्रम त्यांनी व आम्ही मिळून ठरविला, तो कोणालाही उपयोगी पडण्याजोगा आहे. तत्त्व एकच: आधी ढिले ते शोधा, मग वाकडे ते मोजा, आणि जुळणी सर्वांत शेवटी. ढिल्या सांध्यांवर केलेली जुळणी म्हणजे हलत्या पाटावर मांडलेली रांगोळी.

पहिला प्रश्न गाडीखाली शिरण्याआधीचाच. पुढचा अ‍ॅक्सल चुकून जोडलेला तर राहिला नाही ना? कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर-व्हील टाकून वळले की पुढची व मागची चाके निरनिराळ्या वेगाने फिरू पाहतात, आणि गिअरांमध्ये पीळ बसून स्टिअरिंग जड होते. दांडा पाडला की दोष नाहीसा होतो. अशा गाडीचा बॉक्स उगाच उघडलेला आम्ही पाहिला आहे.

दुसरे टायर. चारही टायर एका मापाचे, एका जातीचे आणि योग्य हवेचे आहेत काय? मग हाताने झीज वाचावी. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी. मधला भाग झिजला तर हवा जास्त. एकच कड झिजली तर कॅम्बरचा संशय. तळहात आडवा फिरविताना एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखा लागला, तर टो-इन चुकला. जागोजाग खळगे पडले असतील तर बॅलन्सिंग किंवा शॉक अब्सॉर्बर पाहावेत. उंच गाडीला पुष्कळदा रुंद, बाहेर आलेल्या रिमा बसविलेल्या असतात. त्यांनी चाकाचा टेकू किंगपिनच्या रेषेपासून दूर जातो आणि प्रत्येक खड्ड्याचा तडाखा अधिक जोराने स्टिअरिंगवर येतो.

तिसरे, गाडी सपाट जागी घेऊन मागच्या चाकांना दगड लावावेत, पुढचा अ‍ॅक्सल जॅकने उचलून पक्क्या स्टँडवर ठेवावा. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कोणीही, कधीही शिरू नये. हा नियम मोडलेल्यांना दुसरी संधी मिळेलच असे नाही. मग चाक वर आणि खाली धरून हलवावे. खटखट लागली, तर दुसऱ्याने ब्रेक दाबावा. खटखट थांबली तर दोष चाकाच्या बेअरिंगात. चालूच राहिली तर किंगपिनमध्ये. नंतर चाक डावीउजवीकडून धरून हलवावे. तेथे ढिलेपणा लागला तर टाय रॉडची टोके पाहावीत.

चौथे, गाडी पुन्हा चाकांवर उतरवावी. एकाने आत बसून चक्र भराभर, पण थोडे थोडे, डावीउजवीकडे हलवावे आणि दुसऱ्याने पुढे वाकून साखळीचा एकेक दुवा पाहावा, प्रत्येक सांध्यावर हात ठेवावा. जेथे एक भाग हलतो आणि पुढचा उशिरा हलतो, तेथे दोष. या साध्या परीक्षेला दहा मिनिटे लागतात आणि ती बहुधा कोणी करीत नाही. येथेच बॉक्सचे बोल्ट पाहावेत आणि बॉक्सभोवतीच्या चासीला तडा आहे का तेही पाहावे.

पाचवे, स्प्रिंगा. यू बोल्ट आवळलेले आहेत का, बुश शाबूत आहेत का, पाट्यांमधला सेंटर बोल्ट तुटलेला नाही ना? तो तुटला की अ‍ॅक्सल पाट्यावर मागेपुढे सरकतो. त्यासाठी ओळंबा घ्यावा. चारही हबांपासून जमिनीवर ओळंब्याने खुणा कराव्यात आणि टेपने उजवीकडचे व डावीकडचे अंतर मोजावे. गाडी सरळ उभी असता दोन्ही अंतरे सारखी भरली पाहिजेत. मागचा अ‍ॅक्सल तिरका असेल, तर पुढे कितीही जुळणी करा, गाडी खेकड्यासारखी चालणार. आणि ओढ फक्त ब्रेक दाबल्यावरच लागत असेल, तर स्टिअरिंगच्या नादी लागू नये, ब्रेक पाहावेत. उंच केलेल्या गाडीत ब्रेकची रबरी नळी ताणली गेली आहे का, हेही पाहणे अगत्याचे.

सहावे मोजमाप. कॅस्टरसाठी किंगपिनच्या टोपीवर सपाट पट्टी ठेवून कोनमापक लावावा. हल्ली खिशातला मोबाइलसुद्धा हा कोन बऱ्यापैकी दाखवितो. टो-इनसाठी दोन्ही टायरांच्या पुढच्या अंगास, हबाच्या उंचीवर, खडूने खूण करून अंतर घ्यावे. मग त्याच खुणा मागे येईपर्यंत गाडी पुढे ढकलून तेच अंतर पुन्हा घ्यावे. त्याच खुणा वापरल्याने रिम थोडी वाकडी असली तरी फसगत होत नाही.

या क्रमाने गेलो तेव्हा स्नेह्यांची जीप बोलू लागली. डावे चाक वरखाली धरून हलविताच खटखट लागली आणि ब्रेक दाबूनही थांबली नाही. किंगपिनची बेअरिंगे झिजली होती. कॅस्टर मोजला, तो शून्याच्याही खाली, उलट दिशेने २ अंश भरला. मिस्त्रींनी टॉर्च मारली आणि म्हणाले, “सर, पाचर बघा.” कोणीतरी २ अंशांची पाचर बसविली होती, उलटी! लांब कडीने ३ अंश नेले होते, उलट्या पाचरेने आणखी २ नेले. आणि ड्रॅग लिंक तर घराच्या जिन्यासारखा तिरपा होता. कडीखेरीज स्प्रिंगांत जादा पाटे घालूनही गाडी वर उचललेली होती.

तीन तक्रारी, तीन कारणे. गाडी सरळ चालत नव्हती ती कॅस्टर हरवल्यामुळे. बॉक्सचा स्क्रू आवळल्याने ती अधिकच बिघडली होती. कारण बॉक्स मध्यावर घट्ट झाला की चक्राला आपोआप परत येण्यास आणखी अडथळा. हिसका बसत होता तो तिरप्या ड्रॅग लिंकमुळे. आणि थरथर होती ती सैल किंगपिनमुळे. चाक सैल असले की एका धक्क्याने ते डावीउजवीकडे झुलू लागते, टाय रॉड दुसऱ्यालाही झुलवितो, आणि वेग जुळला की हे झुलणे थांबावयाचे सोडून वाढतच जाते. डँपरने ही थरथर काही दिवस दाबून ठेवली, एवढेच. ताप उतरविणारी गोळी घ्यावी आणि रोग गेला समजावे, तशातला तो प्रकार.

उपाय फार खर्चाचे नव्हते. किंगपिनची चारही बेअरिंगे नवी घातली. टाय रॉड व ड्रॅग लिंक सोडवून, ताणकाट्याने ओढून, कंपनीच्या पुस्तकात सांगितलेला ताण मिळेपर्यंत खालच्या-वरच्या पातळ शिमा कमीजास्त केल्या. लांब कड्या काढून मूळ मापाच्या बसविल्या. पाचर काढून टाकली. कॅस्टर भरला पावणेतीन अंश. उरलेल्या उंचीसाठी खाली उतरती, तयार मिळणारी पिटमन भुजा बसवून ड्रॅग लिंक बराचसा आडवा आणला. मूळ भुजा तापवून वाकविण्याची सूचना एकाने केली होती, ती आम्ही साफ नाकारली. स्टिअरिंगचा कोणताही भाग तापवून वाकवू नये, वेल्डिंगने जोडू नये. तो तुटला तर घाटातच तुटतो. शेवटी बॉक्सचा स्क्रू योग्य जागी आणला, टो-इन साधला, आणि चक्र मध्यावर यावे म्हणून ड्रॅग लिंकची लांबी जुळविली. हा क्रमही महत्त्वाचा. आधी टो-इन, मग चक्र. डँपर काढून दोन दिवस गाडी चालवून पाहिली. थरथर गेली होती.

वाटेत अशी थरथर सुरू झालीच तर काय करावे? चक्र घट्ट पण न झगडता धरावे, अ‍ॅक्सिलरेटर सोडावा, ब्रेक हलकेच लावावा आणि गाडी कडेला घ्यावी. स्नेह्यांनी त्या दिवशी नकळत तेच केले होते.

येथे एक खुलासा करावयास हवा. सर्वच फोर-व्हील या घडणीच्या नसतात. २०१० साली आलेल्या थारच्या पुढच्या चाकांना स्वतंत्र झोळणी आहे. तेथे उंची वाढविताच कॅम्बर आणि टो-इन दोन्ही बदलतात आणि ड्राइव्ह शाफ्टचे सांधे वाकतात. २०२३ साली आपल्याकडे आलेल्या जिम्नीला अखंड अ‍ॅक्सल आहे, पण तो गुंडाळीच्या स्प्रिंगांवर. त्याला बाजूला सरकू न देणारा एक आडवा दांडा असतो. अशी गाडी उंच केली की हा दांडा अ‍ॅक्सलला थोडे एका बाजूला ओढतो, आणि त्याचे बोल्ट सैल झाले तर तेथूनही थरथर सुरू होते. गाडी बदलली की कोष्टक बदलते. तपासणीचा क्रम मात्र तोच.

कायद्याचीही बाजू आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने नमूद केलेल्या मूळ तपशिलाशी नोंदणीपत्र विसंगत ठरेल असा बदल मालकास करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या कलमाचा अर्थ असाच कडकपणे लावला. म्हणून जुनी उंच गाडी घेणाऱ्याने चाकांबरोबर कागदही पाहावेत. आमचे स्नेही पुढे हळूहळू जादा पाटे काढून मूळ उंचीवर आले. त्यांच्या वाटेला तेवढी उंची पुरते, हे त्यांना एका पावसाळ्यात कळून आले.

राहिला तो गिऱ्हाइकाचा प्रश्न. दुरुस्ती सुरू असताना तो माणूस एकदा गाडी पाहावयास आला होता. बरोबर बायको आणि दोन लहान मुले. मुले मागच्या बाकावर चढून बसली आणि उतरेनात. आमच्या स्नेह्यांनी मिस्त्रींच्या हातातली झिजलेली बेअरिंगे घेऊन त्याच्या तळहातावर ठेवली आणि काय काय निघाले ते सारे त्याला सांगितले. सौदा मोडला. तो माणूस गेल्यावर स्नेही थोडा वेळ गप्प होते, मग म्हणाले, “सर, मला ज्यानं विकली त्यालाही हे ठाऊक असेल का हो?”

याचे उत्तर आमच्यापाशी नव्हते. कदाचित त्यालाही ठाऊक नसेल. त्यालाही कोणी आठवडाभर बरे वाटेल असे काही करून दिले असेल. दोष माहीत नसणे हा अपराध नव्हे. परंतु दहा मिनिटे खर्चून, चाक वरखाली धरून तो जाणून घेता येतो, आणि एकदा जाणला की तो सांगितल्यावाचून गाडी दुसऱ्याच्या हाती देता येत नाही. श्रोत्यांनी एवढे जरी लक्षात ठेवले आणि जुनी गाडी घेताना किंवा देताना एकदा वाकून तिच्या चाकांकडे पाहिले, तर या संध्याकाळी आम्ही तुमचा घेतलेला वेळ वाया गेला असे आम्ही मानणार नाही.